फरशीखालची काळी माती

आज पिकाचं नाही, घराचं लिहितो. पण विषय मातीचाच आहे.

आमच्या घरातली शहाबादी फरशी जागोजागी उचलली होती. उन्हाळ्यात सांधे उघडायचे, पावसाळ्यात एखादी फरशी वर यायची. श्रावणात आईला तिथंच ठेच लागली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तेव्हाच ठरवलं, सोयाबीनचे पैसे आले की आधी फरशी.

पोरगं म्हणालं, चकचकीत टाईल्स टाकू. दुकानात मलाही आवडल्या. नमुन्याची एक टाईल घरी आणली, पाणी ओतलं आणि अनवाणी उभा राहिलो. पाय सटकला. आई बाजेवरून बघत होती, काही बोलली नाही.

गवंडी म्हणाला, "वरचं राहू द्या दादा, खाली काय आहे ते बघू." कोपऱ्यात फूटभर खणलं तर काळी माती! तो भराव मीच केला होता. माती रानातली, ट्रॅक्टर घरचा, मुरमाचे पैसे वाचले म्हणून खूश होतो. काळी माती पाणी पिली की फुगते, वाळली की आकसते. रानातल्या भेगा दरसाल बघतो, पण घरात विसरलो. दोष फरशीचा नव्हता, माझा होता.

आता ठरलंय ते असं. ४०० चौरस फुटांत दीड फूट माती काढायची, पण भिंतीच्या पायाला धक्का न लावता. भराव ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास. चोपल्यावर मुरूम बसतो म्हणून ८ ब्रास सांगितलाय. सहा-सहा इंचाचे थर, दर थराला पाणी मारून धुम्मस. त्यावर ४ इंच काँक्रीट. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरू नये म्हणून बाहेरून ढाळ.

आईची खोली, स्वयंपाकघर अन् ओसरीला पॉलिश न केलेली शहाबादीच. हा चुन्याचा दगड, लिंबू-चिंच सांडली तर लगेच पुसायची, ॲसिडनं धुवायची नाही. टाईल्स फक्त बैठकीत, त्याही खरखरीत. बरेच पैसे न दिसणाऱ्या मुरमात चाललेत, त्यामुळे पोरगं जरा नाराज आहे.

काढलेली माती कालपासून परत रानात नेतोय. तुमच्याकडं काळ्या जमिनीवर घराचा भराव कसा केला, ते लिहा.