पोस्टकार्डाएवढी फट

आंबोलीच्या घाटात, अर्ध्याहून अधिक चढण संपल्यावर, आमची फियाट बंद पडली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मागच्या सीटवर ब्याऐंशी वर्षांची आई. सावंतवाडीच्या माहेरच्या घराची वाटणी झाली होती. सहीसाठी तिला नेलं होतं आणि परतताना दाणोलीपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. गाडी थांबली तशी म्हणाली, "हीपण थांबली?"

गाडी बाबांची. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. पण आमच्या घरात तिला कुणी पद्मिनी म्हटलं नाही, फियाटच. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, ती बातमी आईनं मला मोठ्यानं वाचायला लावली होती. बाबा गेल्यावर गाडी विकायची गोष्ट निघाली, तेव्हा "मी आहे तोवर राहू दे" एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून गाडीची देखभाल मी अंगावर घेतली. म्हणजे रविवारी बॉनेट उघडून उभा राहतो. एम.ए. मराठीच्या माणसाला याहून अधिक काय येणार!

खरं तर गाडी दगा देणार हे पंधरा दिवस आधीच कळायला हवं होतं. सिग्नलला उभी राहिली की धपापून बंद पडायची. मी कार्बोरेटरचा स्क्रू थोडा पिळून रेस वाढवली. बंद पडणं थांबलं, मी खूश. मग पिकअप गेला, चढाला दुसऱ्या गिअरवर यावं लागू लागलं, इंजिन तापू लागलं. मी पेट्रोलला दोष दिला. हल्ली त्यात इथेनॉल असतं, हे कारण फार सोयीचं आहे.

घाटात मी बाबांचाच उपाय केला. रुमाल पाण्यात भिजवून पेट्रोल पंपावर ठेवला. आई कठड्यावर छत्री उघडून बसली. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली, चार वळणं चढली, पुन्हा बंद. पुन्हा रुमाल, पुन्हा अर्धा तास. असं तीनदा. तिसऱ्या वेळी आईचे पाय सुजलेले दिसले. वर आंबोलीत पोचल्यावर मी बेळगावला मिस्त्रीला फोन लावला आणि वर्गात पोरांवर ओरडतो तसा ओरडलो. महिन्यापूर्वी त्यानंच सर्व्हिसिंग केलं होतं. तो फक्त म्हणाला, "उद्या आणा की सर."

मिस्त्रीचं गॅरेज शहापुरात. घरी कानडी, आमच्याशी मराठी, आणि इंजिनाशी पुन्हा कानडी. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, ओल्या रुमालासकट. पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, रोटर उचलला, बॅटरी धरली आणि स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला, "इदक्क यार कै हच्च्यार्री?" याला कुणी हात लावलाय?

हात मी लावला होता. पॉइंट घासून साफ केले की ठिणगी चांगली पडते, असं बाबा म्हणायचे. मी साफ केले आणि फट जुळवायला फिलर गेज सापडेना, म्हणून शाळेच्या जुन्या पोस्टकार्डाची पट्टी कापून लावली. पोस्टकार्ड पातळ. तिथं अर्ध्या मिलिमीटरला किंचित कमी अशी फट लागते. माझी त्याच्याही निम्मी भरली असेल.

मी काही बोललो नाही.

त्यानं काम सुरू केलं. मी बाजूच्या स्टुलावर बसून पाहत राहिलो. ठिणगी पडते ती पॉइंट उघडतात त्या क्षणी. फट कमी असली की ते उशिरा उघडतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी पडावी लागते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या. तिथं उशीर तो केवढासा! पण तेवढ्यानं ताकद कमी होते, आणि जे ज्वलन दट्ट्याला ढकलायचं ते इंजिन तापवण्यात जातं. मग त्या उष्णतेनं पेट्रोलची वाफ होते. माझा ओला रुमाल लागू पडत होता, म्हणूनच मी फसलो. अर्धा तास थांबल्यावर रुमाल नसता तरी गाडी सुरू झाली असती.

फट जुळवली की काम संपलं, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. फट हलली की टायमिंगही हलतं. त्यानं पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला. पोरानं गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून हळूहळू पुढे ढकलली. हवेनं अंगठा उडवला, तसा पुलीवरची खूण हेरून त्यानं हात वर केला. मग चावी देऊन पॉइंटच्या तारेला एक छोटा बल्ब जोडला आणि डिस्ट्रिब्युटर केसभर केसभर फिरवत राहिला. बल्ब लागला त्या जागी बोल्ट आवळला. शेवटी मी पिळलेला कार्बोरेटरचा स्क्रूही मागे घेतला. सुरू झाली ती बाबांच्या वेळची गाडी होती. पैसे त्यानं दीडशेच घेतले. कालच्या फोनबद्दल अवाक्षर नाही.

घरी आईनं विचारलं, "काय होतं?"

"टायमिंग मागे गेलं होतं."

"मिस्त्रीला सांगितलंस का? माझी शिवणाची कात्री घेऊन पोस्टकार्ड कापत होतास ते?"

मी जेवलो नाही. संध्याकाळी पुन्हा शहापुरात गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी. त्यांच्यासमोरच सांगितलं, फोनबद्दलही. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "ठाऊक होतं की सर. स्क्रूची खाच झिजली होती. आणि खाली कागदाची कोर सापडली, त्यावर शाळेच्या शिक्क्याचा तुकडा होता." माजी विद्यार्थी दुसरीकडे पाहू लागला.

मग मिस्त्रीनं ड्रॉवरमधून जुनं फिलर गेज काढलं, त्यातलं लागेल ते पान वेगळं केलं, त्यावर ऑइलपेंटचा लाल ठिपका दिला आणि वाळेपर्यंत मला बसवून ठेवलं.