डबा पाठवण्याआधी

आमच्या लहानपणी ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचे डबे गल्लीत पोचवायचं काम मुलांकडे असायचं. आता आमची माणसं सोलापुरात कमी आणि पुणे, मुंबई, बंगळुरूत जास्त. डबा घेऊन मूल जात नाही. कुरियर जातं, नाहीतर मोबाईलवरून तिथल्याच एखाद्या दुकानाला ऑर्डर जाते. सोय झाली, यात शंका नाही. पण हातानं डबा देताना समोरचा चेहरा दिसायचा. "आज उपास आहे गं, उद्या चालेल का?" असं काकू दारातच सांगायच्या. पार्सलला हे कुणी सांगत नाही. म्हणून पाठवण्याआधीच चार गोष्टी विचाराव्या लागतात, आणि विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

पहिला प्रश्न साधा: तुमच्याकडे काय चालत नाही? "काय आवडतं?" असं विचारलं की लोक संकोचानं "काहीही चालेल" म्हणतात. काय चालत नाही ते मात्र बहुतेक जण लगेच सांगतात. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी हा आमचा हुकमी तोहफा. दोन्ही टिकतं, फ्रीज लागत नाही, वसतिगृहातल्या पोरांना तर फारच उपयोगी. पण चटणीत लसूण असतो, आणि माझ्या जैन मैत्रिणीला तो चालत नाही. तिच्यासाठी मी चटणीवाल्या बाईंकडून बिनलसणाची करून घेते. शिवाय तिच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून ताजं काही पाठवायचं तर ते दुपारीच पोचलं पाहिजे. ज्या घरात फक्त म्हातारी माणसं आहेत तिथे कडक भाकरी आमटीत कुस्करून खाता येईल की दात त्रास देतील, हाही विचार हवा. मधुमेहाच्या माणसाला दोन किलो मिठाई पाठवणं म्हणजे त्याची रोज परीक्षा घेणं.

लेबल वाचायची सवय लावून घ्यावी. हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ म्हणजे शाकाहारी. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी वर्तुळ असायचं, २०२० च्या नियमांनी तिथे तपकिरी त्रिकोण आणला. अंडं घातलेल्या केकवरही मांसाहाराचीच खूण असते. हिरव्या खुणेवरून कांदा-लसूण आहे की नाही ते कळत नाही, दारूचा अर्क आहे का तेही कळत नाही. त्यासाठी बारीक अक्षरातली घटकांची यादीच वाचावी लागते.

आता अवघड भाग. आमच्या शेजारच्या एका काकूंना आमच्या भांड्यातलं शिजवलेलं चालत नसे. अम्मी त्यांच्याकडे शेवया, खारीक, चारोळी, साखर वेगवेगळ्या पुड्यांत पाठवायची. जुन्या मराठीत याला शिधा म्हणतात. काकू आपल्या पातेल्यात शीरखुर्मा शिजवायच्या आणि त्यांची मुलं तो मिटक्या मारत खायची. मला राग यायचा. अम्मी म्हणायची, "अपना नको देख, खानेवाले का देख."

या वाक्याचा मी बरीच वर्षं विचार केला. माझ्यापुरतं उत्तर असं: परहेज आणि विटाळ या दोन गोष्टी आहेत. कुणी मांस खात नाही, कुणी लसूण खात नाही, कुणी एकादशीला धान्य खात नाही, मी हलाल नसलेलं मांस खात नाही. हे परहेज. त्याचा मान ठेवणं हे माझं काम, त्यात माझं काही जात नाही. पण पदार्थ तोच, फक्त माझ्या हातचा म्हणून नको, हा विटाळ. तिथे मी भांडत नाही, पण त्याला परहेज म्हणून गौरवतही नाही. अम्मीनं शिधा पाठवला तो मुलांसाठी. मीही सुक्या मेव्याची पाकिटं पाठवते, पण लांबच्या प्रवासात दूध नासतं म्हणून. कारण कुठलं आहे ते आपल्याला तरी माहीत असावं.

परहेजाचा मान मोठ्या प्रमाणावरही ठेवता येतो. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवशी करायचं ठरवलं. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहेच. हाच विचार एका डब्यापुरता करायला काय हरकत आहे? मटण खाणाऱ्या मित्रालाही सोमवारी, श्रावणात ते नको असू शकतं. खजूर मात्र इफ्तारलाही चालतो आणि एकादशीलाही.

घेणारा कुठे राहतो हेही पाहावं. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोनं शाकाहारी ऑर्डरींसाठी हिरव्या गणवेशाचा वेगळा ताफा जाहीर केला. टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला. लाल शर्टातला मुलगा दारात दिसला की आत मांसाहार आला असं समजलं जाईल आणि भाडेकरूंना घरमालकाकडून त्रास होईल, ही भीती खुद्द कंपनीनंही मान्य केली. मोठ्या शहरात मुश्किलीनं खोली मिळालेल्या भाचीला प्रेमानं बिर्याणी पाठवताना हे लक्षात ठेवावं लागतं. वाईट वाटतं, पण तिची खोली तिला टिकवायची आहे. आधी फोन करावा.

आमच्याकडे काही पाठवणाऱ्या मित्रमैत्रिणींनाही सांगते: दिवाळीचा फराळ बिनधास्त पाठवा, चकली-चिवड्याची आम्ही वाट पाहतो. रम घातलेली चॉकलेटं टाळा. मऊ, चिवट गोळ्यांत जिलेटिन असतं, तेही पाहा. मांसाहारी पदार्थ पाठवायचा तर हलाल आहे का ते विचारून घ्या, नाहीतर मिठाई उत्तम. आणि रमजानमध्ये दुपारी गरम जेवण नको, संध्याकाळी अजानच्या अर्धा तास आधी पोचेल असं पाहा.

सगळ्यात जास्त काळजी घ्यावी ती दुःखाच्या घरी. मुताच्या लढाईत जाफर शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करायला पैगंबरांनी सांगितलं, कारण त्या घरात कुणाला चुलीचं भान नव्हतं. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही अशा वेळी चूल पेटत नाही, आप्त पिठलं-भात आणतात. अशा घरी मिठाईची सजवलेली टोपली जाऊ नये. वरण-भात, खिचडी असं साधं पाठवावं, जेवणाच्या वेळी पोचेल असं पाहावं, आणि फेकता येतील अशा डब्यांत. भांडी घासून परत करायचं ओझं त्यांच्यावर नको. एरवी रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत. तिथे ती आपणच माफ करावी. एकदा सगळेच पाठवतात आणि चौथ्या दिवशी कुणीच नाही, म्हणून मी पाचव्या दिवशी पाठवते.

पार्सलमध्ये एक चिठ्ठी घालावी: कुणाकडून आलं, त्यात काय काय आहे, किती दिवस टिकेल. मी मराठीत लिहिते, खाली उर्दूत नाव. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी जिने चढून पार्सल आणणाऱ्या मुलाला दारात पाणी विचारायला सांगावं.