गाडी वर होती की खाली?

2009 साली माझ्याकडे 1997 ची मारुती 800 होती. तिच्या मागच्या बाजूचे बुश गेले होते. खड्ड्यातून चाक गेलं की डिकीखालून ‘खट’ आवाज यायचा, आणि शेजारून ट्रक गेला की गाडी कमरेतून हलायची. भोसरीच्या कारखान्यात मेन्टेनन्सला तेव्हा मला बावीस वर्षं झाली होती. प्रेस आणि गिअरबॉक्स उघडण्यात हयात गेलेली. सहा बुशांसाठी गॅरेज कशाला, असं मला मनापासून वाटलं.

या गाडीला मागे सरळ अ‍ॅक्सल आहे. दोन ट्रेलिंग आर्म त्याला पुढेमागे होऊ देत नाहीत, आणि आडवा लॅटरल रॉड डावीउजवीकडे सरकू देत नाही. या सगळ्यांच्या टोकांना बुश असतात. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मधे दोन्हींना घट्ट चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये पकडली जाते. त्यानंतर चाक वरखाली होताना फिरतं ते फक्त रबर, तेही पीळ खाऊन.

हे मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

काम मी निगुतीने केलं. गंजलेल्या बोल्टांवर आधीचे दोन दिवस डिझेल सोडत राहिलो. एका बोल्टला आतली नळीच धरून बसली होती, तो हॅक्सॉने कापायला दोन तास गेले. शॉकअप सोडण्याआधी अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक दिला, नाहीतर अ‍ॅक्सल ब्रेकच्या रबरी होजला लोंबकळतो. जुने बुश लेथवाल्याकडे प्रेसवर काढले, नवे तिथेच बसवून घेतले. रविवारी संध्याकाळी सगळं जागेवर आलं. गाडी घोड्यांवर होती, चाकं अधांतरी. खाली पाना फिरवायला ऐसपैस जागा होती. कारखान्यातून मागून आणलेला टॉर्क रेंच लावला आणि एकेक बोल्ट ‘कट्’ वाजेपर्यंत आवळला. मग जॅक लावून गाडी जमिनीवर घेतली.

पाच महिने गाडी छान चालली. मग मुलगी आईला घेऊन वाईला गेली. परत आल्यावर किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, “बाबा, खंबाटकीच्या वळणावर मागची चाकं माझं ऐकत नव्हती.”

तिला लायसन्स मिळून वर्षही झालं नव्हतं. मी म्हणालो, “वेग जास्त असेल तुझा.”

ती काही बोलली नाही. त्यानंतर तिने ती गाडी चालवली नाही. मीही कारण विचारलं नाही.

आठवड्याभराने आवाज मलाच ऐकू आला. खाली शिरून बॅटरी मारली, तर आर्मच्या पुढच्या बुशांचं रबर अर्ध्या वर्तुळात फाटलेलं. फाटलेले बुश घेऊन मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला बोललो. डुप्लिकेट माल विकता, म्हणालो. त्यांनी वाद न घालता नवा सेट दिला, पैसे घेतले नाहीत. तो मी तसाच घरी बसवला, तसाच गाडी वर ठेवून, तेवढाच टॉर्क देऊन. चार महिन्यांत तोही फाटला.

तेव्हा कुठे गाडी गॅरेजमध्ये नेली. विशीतला एक पोरगा पिटमध्ये उतरला. बराच वेळ बघून त्याने खालूनच विचारलं, “काका, बोल्ट आवळताना गाडी वर होती की खाली?”

“वर,” मी म्हणालो, आणि त्याच क्षणी सगळं कळलं. चाकं लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. तिथेच बोल्ट आवळला की रबर त्या कोनाला मोकळं राहतं. गाडी चाकांवर उभी राहिली की आर्म वर येतो आणि रबराला पीळ बसतो. गाडी नुसती दारात उभी असली तरी तो पीळ सुटत नाही, आणि खड्डा आला की त्यात भर पडते. पोराने काढलेला बुश पक्कडीत धरून बाहेरची नळी जरा फिरवली. फट उघडली, आतून काळी भुकटी सांडली. “आपण आधी नुसते अडकवून ठेवतो,” तो म्हणाला, “फायनल टाइट गाडी खाली घेतल्यावर.”

टॉर्क किती द्यायचा याची मी एवढी काळजी घेतली, पण बोल्ट कोणत्या स्थितीत आवळायचा हे मनातसुद्धा आलं नाही. कारखान्यातली यंत्रं जमिनीला बोल्टने बांधलेली असतात. ती उचलून आवळा नाहीतर बसवून आवळा, माझ्या कामात फरक पडला नव्हता. बावीस वर्षांच्या अनुभवात हा प्रश्नच कधी आला नव्हता, आणि अनुभव आहे म्हणून मी कुणाला विचारलंही नव्हतं.

तिसरा सेट मी पुन्हा घरीच बसवला. चारही चाकांखाली लाकडी ठोकळे घेतले, गाडी स्वतःच्या वजनावर बसू दिली, दोनदा दाबून हलवली, आणि मगच आडवं पडून बोल्ट आवळले. जागा इतकी कमी की पाना एका वेळी जेमतेम एक खाच पुढे जायचा. सहा बोल्टांना संध्याकाळ गेली. ते बुश मी गाडी विकेपर्यंत टिकले.

दुकानदाराकडे दोन्ही सेटचे पैसे घेऊन गेलो आणि काय झालं ते सांगितलं. माझ्या तक्रारीनंतर त्यांनी त्या कंपनीचा उरलेला सगळा माल परत पाठवला होता. त्यांनी एकाच सेटचे पैसे घेतले. “पहिल्याचे तुम्ही दिलेत,” म्हणाले. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बोललो होतो मात्र चारचौघांत.

रात्री जेवताना मुलीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातला घास तसाच होता.

“म्हणजे त्या दिवशी माझा वेग बरोबर होता?”

“हो,” मी म्हणालो. “बरोबर होता.”