चीक, गूळ आणि मिल्कमेडचा डबा

तंबू घेऊन कुठेही निघताना माझ्या पाठपिशवीत साखर घालून आटवलेल्या दुधाचा एक डबा असतोच. कंपनी कुठलीही असली तरी आमच्या घरात त्याला मिल्कमेडच म्हणतात. दुधाची पिशवी उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही, पावडरच्या गुठळ्या होतात, बिस्किटांचा भुगा होतो. हा डबा मात्र महिनोन्‌महिने तसाच राहतो. चहात घाला, भाजलेल्या शेंगदाण्यांवर ओता, तव्यावर परतलेल्या पावाला लावा, किंवा खोबऱ्याच्या किसात कालवून शेगडीवर पाच मिनिटांत लाडू वळा. पवना धरणाच्या काठावर तंबूंच्या वसाहती झाल्या आहेत, तिथे रात्री ध्वनिक्षेपक लावून काठीला टोचलेले मार्शमेलो भाजतात. मला तो प्रकार मनापासून आवडत नाही. रात्र पाण्याकाठी काढायची तर पाण्याचा आवाज ऐकू यावा आणि गोड खायचं तर ते दुधाचं असावं, एवढं माझं साधं म्हणणं आहे.

तशी जागा हवी म्हणून मैत्रिणीला घेऊन हिंगोली जिल्ह्यात गेले. फेब्रुवारी संपत आला होता. औंढा नागनाथ आणि नर्सी एकाच दिवशी झाली. औंढ्याला गाभाऱ्याच्या अरुंद पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि गर्दीत मला ते जमत नाही. मी बाहेरच्या भिंतींवरची काळ्या दगडातली शिल्पं बघत राहिले. खालचं सगळं कोरीव आणि वरचं शिखर नंतरच्या काळातलं, पांढरं. ती जोडणी डोळ्यांना खुपते, पण खालच्या दगडासाठी पुन्हा जाईन.

नर्सीत मात्र रेंगाळले. हे नामदेवांचं गाव. त्यांचा जन्म १२७० चा मानतात. लहानग्या नामदेवाने हट्टाने विठ्ठलाला नैवेद्य खायला लावला ही गोष्ट आपण सगळे ऐकत वाढलो. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि त्यातल्या एका पदात हाच प्रसंग येतो, फक्त तिथे नैवेद्याच्या ताटाऐवजी कपिला गाईच्या दुधाची वाटी आहे. पंजाबातून नर्सीला येणारे शीख भाविक ही दुधाचीच गोष्ट मनात घेऊन येतात. वाटीभर दूध देवाने प्यावं म्हणून रडणारं पोर मला ताटाच्या गोष्टीतल्या पोरापेक्षा जास्त खरं वाटतं. का, ते सांगता येणार नाही. कदाचित मीच दूधवेडी आहे म्हणून.

संध्याकाळी सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला आलो. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीत साठवलेलं पाणी सिद्धेश्वरला येतं आणि तिथून कालव्यांनी पुढे वसमतच्या बाजूला जातं. वसमतची हळद आज नावाजलेली आहे, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका शेतकरीकाकांनी बांधाजवळ तंबू ठोकायला परवानगी दिली, पण वर म्हणाले, “झोप लागंल का पण तुम्हाला? रातभर बॉयलर चालू ऱ्हाईल.”

हळद शिजवायचे दिवस होते. शेतातून काढलेली ओली हळद मोठ्या ड्रममध्ये भरतात, खालच्या भट्टीवर पाणी उकळून वाफ सोडतात, आणि काडी टोचून हळकुंड मऊ झालं का ते बघतात. मग ताडपत्रीवर पसरायची, की दहा-पंधरा दिवस ऊन. एक ड्रम उतरला की दुसरा चढतो. भाड्याने आणलेला बॉयलर रिकामा ठेवणं परवडत नाही. वास मातीचा, कापराजवळ जाणारा, आणि त्यात लाकडाचा धूर. ध्वनिक्षेपकापासून पळून आलेल्या मला हा आवाज, ही आग, ही ये-जा अजिबात नकोशी वाटली नाही. माणसं कामाला जागत होती, त्यात आपण मध्ये होतो.

दहाच्या सुमारास काकांच्या घरची मावशी हंडा घेऊन आली आणि खाली ठेवता ठेवता म्हणाली, “चहा कोराच प्यावा लागंल आज. म्हैस काल व्याली.”

घरात दुभती म्हैस एवढी एकच, आणि तिचा चीक चालू. चिकाचा चहा होत नाही, उकळला की फाटतो. दुकान गावात, गाव लांब. सात-आठ माणसं रात्रभर आगीपुढे उभी राहणार होती. मी पिशवीतून डबा काढला.

“हे काय हाय?”

“दूधच आहे मावशी. साखर घालून आटवलेलं.”

“डब्यात?” तिने डबा हातात घेऊन वजन अजमावलं. “कवाचं हाय हे?”

तारीख सांगितली तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मला सगळं समजावून सांगणं भाग पडलं. दुधातलं बरंचसं पाणी उडवतात. साखर त्यात चाळीस टक्क्यांच्याही वर असते, उरलेलं पाणी ती धरून ठेवते, म्हणून त्यात जंतू वाढत नाहीत. लोणच्यात मीठ करतं ते काम इथे साखर करते. लोणच्याचं नाव काढताच तिला पटलं. “मंग मुरलेलंच म्हणायचं,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

कोरा चहा उकळला, उतरवला, आणि मग त्यात डब्यातलं दूध ढवळलं. साखर वेगळी लागली नाही. कामावरच्या माणसांनी पहिला घोट घेतला आणि एक जण म्हणाला, “बासुंदीचा चहा केलाव का काय?” पातेलं संपलं. पण मावशीने चहा घेतलाच नाही. तिने डब्याच्या झाकणाला चिकटलेलं दूध बोटाने निपटून चाखलं, थांबली, पुन्हा चाखलं.

“गोड हाय. दाट हाय. पण ताई, आटवल्याचा वास न्हाई ह्याला.”

इतकी वर्षं हा डबा वापरून जे मला शब्दात धरता आलं नव्हतं ते तिने दोन थेंबांत सांगितलं. कारखान्यात दूध आटवतात ते निर्वात भांड्यात. हवेचा दाब कमी केला की दूध कमी उष्णतेवर उकळतं, पाणी निघून जातं आणि दूध पांढरंच राहतं. अमेरिकेत गेल बोर्डेनने १८५६ साली याच पद्धतीचं पेटंट मिळवलं, आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याच्या शिध्यात हे डबे गेले. म्हणजे हा पदार्थ लवकरच मुक्कामावरच्या माणसाच्या पोटात गेला. स्वयंपाकघरातल्या लाडक्या खिरीत तो पुढे शिरला. आपल्याकडे १९१२ पासून नेसले अँग्लो-स्विस कंपनी हे डबे बाहेरून आणून विकत होती, मग १९६१ मध्ये पंजाबात मोग्याला कारखाना उभा राहिला. माझ्या आईच्या पिढीने अंड्याशिवायचा केक याच डब्यावर केला, कुकरच्या तळाला वाळू घालून, शिट्टी काढून. सगळं खरं, पण त्या पांढऱ्या दुधाला कढई कधी लागलेलीच नाही. बासुंदीत जी कडेला चिकटलेली, खरवडून आत ढकललेली साय असते, ती तांबूस होते आणि तिच्यातून तो वास येतो. मावशी तो वास शोधत होती.

“मंग आता लावू की,” ती म्हणाली.

अर्ध्याहून जास्त डबा शिल्लक होता. तिने भट्टीतून निखारे ओढून तीन दगडांत घातले, वर जड बुडाचं पातेलं, त्यात चमचाभर तूप, आणि डबा उपडा केला. पुढचा बराच वेळ तिने उलथणं सोडलं नाही. मी मदत करू का विचारलं तर मानेनेच नको म्हणाली. दूध आधी सैल झालं, मग बुडबुडे जड झाले, मग कडा पिवळसर झाल्या. साखर आणि दुधातली प्रथिनं तापली की असा रंग चढतो. लॅटिन अमेरिकेत यावर दूल्से दे लेचे नावाचं अख्खं गोड उभं आहे. आपल्याकडे काही जण बंद डबाच पाण्यात तासन्‌तास उकळतात. मी ते कुणाला सांगत नाही, कारण पाणी आटलं की डबा फुटतो. उघड्या पातेल्यात, डोळ्यासमोर, हलवत केलेलं कधीही बरं.

रंग गुळावर गेला तेव्हा मावशीने दुपारच्या ज्वारीच्या भाकरी मागवल्या. हाताने चुरल्या, अगदी बारीक, आणि पातेलं उतरवून त्यात घातल्या. वर थोडं मीठ, भाजलेले शेंगदाणे कुटून. मलीदा! गूळ-तुपाचा मलीदा मी खाल्ला होता, पोळीचाही, भाकरीचाही. हा वेगळा होता. ज्वारीचा किंचित कडसर, कोरडा कण आणि त्याला धरून बसलेलं तांबूस दूध. मुठीत धरला की लाडू होत होता, तोंडात टाकला की सुटत होता. हळदीने पिवळे झालेले हात धुतले तरी पिवळेच होते; त्या हातांनी सगळ्यांनी मुठी भरून घेतल्या. मी आजवर जंगलात, डोंगरात, समुद्रावर जे जे गोड केलं त्यातलं काहीच याच्या जवळ जात नाही. कुणाला काठावर मुक्कामाला जायचं असेल तर पावाऐवजी शिळी भाकरी बरोबर न्या, एवढंच सांगेन.

काकांनी एक वाटी गरम पाण्यात पातेल्याची खरवड विरघळवून, त्यात नव्या हळदीचा तुकडा ठेचून आणि मिरी घालून प्यायला दिलं. रात्री घशाला धूर लागला होता, त्यावर ते छान उतरलं.

सकाळी उठून बघते तो मावशीने खरवस लावला होता. चिकात त्याच्या दाटपणाप्रमाणे पाणी, किसलेला गूळ, वेलदोडा, आणि वाफेवर. वासराला पाजून उरलेलाच चीक घ्यायचा, आणि तो विकायचा नाही, वाटायचा, हे तिने मला दोनदा बजावलं. खरवस तांबूस, जाळीदार, दाताखाली किंचित करकरणारा. चिकात वासराला रोगापासून जपणारी प्रथिनं भरपूर असतात, ती तापली की आपोआप घट्ट होतात; म्हणून चीक असला की दुसरं काहीच लागत नाही. शहरात आम्ही करतो तो खरवस वेगळा. मिल्कमेड, दूध आणि दही सारख्या मापाने, फेटून, वेलची-जायफळ घालून, झाकण लावून वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचं. तो घट्ट होतो दह्याच्या आंबटपणाने. चवीला चांगला लागतो, पण करकरत नाही, आणि पांढराफटक दिसतो.

हे ऐकून मावशी एकदम गंभीर झाली. तिची लेक चाकणजवळच्या एका कंपनीत कामाला, भाड्याच्या खोलीत राहते, आणि पहिलटकरीण आहे. तिला खरवस खावासा वाटतोय. इथून चीक पाठवला तर पोचेपर्यंत नासतो. “डब्याचा व्हतो म्हणताव तर सांगा तिला. पण गूळ कुठं टाकायचा ह्यात?”

गूळ घालायला जागाच नाही, मी म्हणाले, डबा आधीच गोड. तिला ते मान्य होईना. गुळाशिवाय खरवस म्हणजे तिच्या दृष्टीने काहीतरी राहून गेलेलं. आम्ही दोघी चुलीपाशी बसून यावर बराच वेळ बोललो. मैत्रीण बॅगा बांधून उभी, काका मोटारसायकल काढून उभे, आणि आमचं चाललेलंच. शेवटी तीच म्हणाली, “रातचं केलं तसं आधी लाल करून घेतलं तर?”

लेकीला तिथूनच फोन लावला. मी माप सांगत होते, मावशी मध्येच फोन हातातून काढून घेऊन सांगत होती. डबा जड बुडाच्या भांड्यात काढ, मंद आचेवर गुळासारखा रंग येईस्तोवर हलव, सोडून जाऊ नको. पूर्ण गार होऊ दे, गरम असताना दही घातलंस तर फाटेल. मग दूध, मग दही, आणि दही ताजं, बाहेर ठेवून आंबलेलं नको, तुझ्या पोटाला ते चालायचं नाही. चिमूटभर मीठ. वाफवताना वर ताटली ठेव, पाण्याचे थेंब पडले की खड्डे पडतात.

परतीच्या वाटेवर हिंगोलीच्या बाजारात हळकुंडं घेतली, बाकी काही बघितलं नाही. घरी आल्यावर त्याच मापाने करून पाहिलं. रंग बरोबर आला, आटवल्याचा वासही. करकर नाही आली, ती चिकाचीच. मी पुढच्या वेळी दही फडक्यात बांधून थोडं पाणी काढून घेतलं, तेव्हा वडी जास्त घट्ट कापली गेली. चाकणहून लेकीचा फोन आला तो नेमका त्याच दिवशी: खोलीवरच्या मैत्रिणींनी सगळा संपवला, आता डबा कुठला घ्यायचा आणि छोटा मिळतो का, आणि आई विचारतेय की दही बांधून घ्यायचं की तसंच.