खडकीचे पाणी आणि अ‍ॅमेझॉनचे मासे

ज्या गावाचे नावच मुळी एके काळी ‘खडकी’ होते, त्या गावात कोणाला मासे पाळण्याची हौस सुटावी, याचे परगावच्या माणसाला नवल वाटेल. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे पाहुणे येतात ते वेरूळ-अजिंठ्यासाठी. बिबीचा मकबरा पाहून होतो, हिमरू शालींची खरेदी होते आणि मंडळी परतीच्या गाडीची चौकशी करू लागतात. परंतु या छत्रपती संभाजीनगरशी, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादशी, खरी ओळख करून घ्यायची असेल, तर माणसाने येथल्या पाण्याच्या मागे मागे जावे.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला शहराचे रूप दिले, आणि लगेच त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो पाण्याचा. त्याने डोंगराच्या पोटातले पाणी जमिनीखालून गावात आणले. हीच ती नहर-ए-अंबरी. पुढच्या शतकात तोच धडा गिरवून आणखी नहरी निघाल्या. त्यांतली एक पाणचक्कीला येऊन मिळते.

पाणचक्की आहे खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याच्या आवारात. १७४४ च्या सुमारास ती पुरी झाली. हर्सूलच्या बाजूने काही मैलांवरून मातीच्या नळांतून आलेले पाणी येथे उंच भिंतीवर चढते आणि खाली झेपावते. त्या जोरावर जाते फिरे आणि दर्ग्यातल्या फकिरांचे, वाटसरूंचे पीठ दळले जाई. पण खरी गंमत पुढेच आहे. ते पाणी समोरच्या प्रशस्त हौदात साठते. हौदाच्या तळाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत! वर पाणी असल्याने खाली बसणाऱ्याला उन्हाळ्यातही गारवा मिळे. उरलेले पाणी जाई खाम नदीत. एकाच पाण्याने दळण करायचे, डोळे निववायचे आणि माणसांना गारवाही द्यायचा, असा तो काटकसरीचा संसार होता. आणि या हौदात मासे! काठावर वाकून त्यांना खाऊ टाकणारी पोरे पाहिली, की या गावाला माशांचे वेड कोठून लागले असेल, याचा थोडा उलगडा होतो.

हौदातले मासे घरात यायला मात्र काळ जावा लागला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि काचेआडचे मासे मराठी माणसाच्या ओळखीचे झाले. आता आमच्याही गावात दिवाणखान्यातून काचेच्या टाक्या दिसतात. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ (आम्ही सारे त्यांना काका म्हणतो) त्याही पुढे गेले. त्यांनी पाळले डिस्कस. थाळीफेकीतल्या थाळीसारखा गोल, चपटा आणि अंगावर निळ्या-तांबूस रेघांची नक्षी. १८४० मध्ये हेकेल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. याचे माहेर अ‍ॅमेझॉनचे खोरे. तिथल्या रिओ नेग्रो नदीचे पाणी सडलेल्या पानांमुळे कोऱ्या चहाच्या रंगाचे, किंचित आंबट आणि अतिशय मऊ असते.

आणि आमचे पाणी? विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि पातेल्यात पांढरी पुटे चढतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अशा जड पाण्यात डिस्कस जगतो, खातो, मोठाही होतो. पण त्याचा वंश वाढत नाही. काकांच्या टाकीतल्या जोडीने रुंद पानांच्या एका पाणवनस्पतीवर शेदीडशे अंडी घातली. दोघांनी पंखांनी वारा घातला, पहारा केला. दोन दिवसांत अंडी पांढरी पडली. पुन्हा घातली, पुन्हा पांढरी. तिसऱ्या खेपेस तर टाकीतल्या इतर माशांनी रात्रीतून फराळ उरकला.

यावर एक राजमान्य उपाय आहे : पाणी गाळून मऊ करणारे यंत्र. पण ते एक बादली मऊ पाणी देते, तेव्हा त्याहून अधिक पाणी मोरीत सोडते. येथे काकू आडव्या आल्या. आमच्या गावाचे पाणी पैठणच्या नाथसागरातून, सुमारे पन्नास किलोमीटरांवरून येते, आणि वर्षानुवर्षे ते नळाला रोज आलेले नाही. काही दिवसांच्या अंतरानेच येत आले आहे. काकूंनी एकदाच, पण स्वच्छ सांगितले, “कामवाल्या बाई दोन कळश्यांसाठी टँकरच्या रांगेत उभ्या राहतात. माझ्या घरी माशांच्या बाळंतपणासाठी पाणी मोरीत जाणार नाही.”

काका गप्प झाले. हौस खरी, पण काकूंचे म्हणणेही खोटे नव्हते.

तोड निघाली ती पावसाळ्यात. पावसाच्या पाण्याहून मऊ पाणी कोणते? पहिल्या दोनतीन सरी वाहू देऊन, धुतलेल्या गच्चीवरचे पाणी काकांनी पिंपांत धरले, फडक्यातून गाळले, त्यात देशी बदामाची वाळलेली पाने टाकली. चार दिवसांत पाणी चहाच्या रंगाचे झाले. एकदम बदल केला तर मासे दगावतात, म्हणून रोज थोडेथोडे पाणी बदलले, उष्णता अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर ठेवली आणि टाकीत मधोमध काच उभी करून जोडीला वेगळी खोली दिली. काढलेले पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला गेले. माशांच्या पाण्याचे खत झाडांना मानवते. या अटीवर काकूंनी संमती दिली होती.

त्या खेपेस अंडी फळली. अडीच दिवसांनी शेपट्या वळवळल्या, आणखी तीनेक दिवसांनी पिले पोहू लागली. मग जे दिसले ते पाहायला सारी गल्ली लोटली. पिले आईबापांच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा स्राव खात होती! एक थकले, की अंग झटकून पिले दुसऱ्याच्या अंगावर सोपवी. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये या स्रावाचा अभ्यास केला, तेव्हा पिलांच्या काळात त्यात प्रथिने आणि रोगप्रतिकारक द्रव्ये वाढतात असे दिसले. तिसऱ्या आठवड्यापासून आईबाप पिलांपासून थोडेथोडे दूर राहू लागतात, म्हणजे दूध तोडण्यासारखेच. काकू टाकीपुढे बसून बराच वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, “बाप्यालाही पाजावे लागते, हे बरे आहे.”

शंभरांतली चाळीसेक पिले जगली. पंचवीस काकांनी गावातल्या हौशी मंडळींना दिली. पैसे घेतले नाहीत. अट एकच घातली, की गच्चीवर पावसाचे पिंप असले पाहिजे. त्या वर्षी आमच्या गल्लीत सात नवी पिंपे आली. त्यांतली चार तर मासे नसलेल्या घरांत आहेत.

तेव्हा या सुट्टीत इकडे आलात, तर वेरूळहून परतताना पाणचक्कीसाठी एक तास राखून ठेवा. मुलांना हौदातले मासे दाखवा, आणि ते पाणी कोठून आले आणि पुढे कोठे जाते, हेही आवर्जून सांगा.