तिसऱ्या महिन्याचा आहेर

आमच्या डोंबिवलीच्या घराच्या माळ्यावर चौदा वर्षं एक वॉकर पडून होता. निळ्या रंगाचा, पुढे बदकाचं तोंड असलेला, बटण दाबलं की चार गाणी वाजवणारा. माझ्या मुलाच्या बारशाला नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून तो दिला होता. त्या दिवशी आलेल्या आहेरांत सगळ्यांत मोठं खोकं त्याचंच, आणि खोकं मोठं म्हणून कौतुकही मोठं. मुलगा आठ महिन्यांचा असताना त्या वॉकरसकट गॅलरीच्या पायरीवरून खाली गेला. डाव्या भुवईच्या वर तीन टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टरांनी एकच शब्द विचारला, "वॉकर?" मी मान हलवली. पुढे कधीतरी वाचलं की कॅनडाने २००४ सालीच या वस्तूच्या विक्रीवर बंदी घातली होती. देणाऱ्यांना मी बोल लावत नाही. त्याआधी मी स्वतः दोन घरी वॉकर दिलेले होते, आणि मलाही त्याचं खोकंच आवडलं होतं.

बाकीच्या आहेरांची गंमत वेगळी. पावडर, साबण, तेल, शाम्पू असे प्लास्टिकच्या झाकणाखाली मांडून ठेवलेले 'बेबी सेट' एकूण सात आले. दोन आम्ही वापरले, पाच पुढे वाटेला लावले. त्यांतला एक तीन वर्षांनी एका हळदीकुंकवाला माझ्याकडेच परत आला. खालच्या कोपऱ्यात मावससासूबाईंच्या अक्षरातली 'चि. बाळास' ही चिठ्ठी तशीच होती. पावडरीची मुदत संपून वर्ष झालं होतं. झबलीही आली तीसेक, सगळी अगदी तान्ह्या बाळाच्या मापाची. मूल पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट वजनाचं होतं आणि वर्षात तिप्पट, हे देणाऱ्या बायकांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असतं. पण दुकानात गेलं की ते इवलंसं झबलं बघून जीव विरघळतो, तिथे हिशेब कोण करतो? त्या तिसांतली बारा-तेरा तर घडीही न मोडता दुसऱ्यांकडे गेली.

हे सगळं मागच्या वर्षी आषाढात आठवलं, कारण धाकट्या भावाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. भावजयीचं माहेर साताऱ्याचं, पहिलं बाळंतपण, तेव्हा ती तिकडेच होती. सिझेरियन झालं होतं. चौथ्या दिवशी मी फोन केला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय आणू गं?" उत्तरही रीतीप्रमाणेच आलं, "काही नको ताई, तुम्ही या फक्त." या उत्तरावर विश्वास ठेवून मोकळ्या हातांनी गेलेली एकही बाई मी पाहिलेली नाही. आणि 'काय आणू' याला दुसरं काही उत्तर देताच येत नाही. मग मी वेगळं विचारलं, "रात्री किती वाजता उठतेस?"

तिथून पंधरा मिनिटं ती बोलत राहिली. बारा, दोन, साडेतीन, पाच. दिवसरात्र धरून दहा-अकरा वेळा पाजणं. खोलीतली ट्यूब लावली की बाळ टक्क जागं होतं, नाही लावली तर काही दिसत नाही. पाजायला बसलं की घशाला कोरड पडते आणि पाण्याचा तांब्या पलीकडच्या टेबलावर. टाक्यांमुळे वाकता येत नाही, आणि आईला किती वेळा हाक मारायची? शिवाय तीन वाजता कडकडून भूक लागते. "लाडू आहेत ना," मी म्हटलं. "आहेत, पण केवढे! दोन्ही हातांनी फोडायला लागतात. एका हातात तर ही असते."

माझी सगळी खरेदी या फोनमधून ठरली. मिणमिणता पिवळा दिवा, बसल्या जागी हात पोचेल असा. एका हाताने उघडणारी, नळी असलेली पाण्याची बाटली. पुढून चेन असलेले दोन सुती गाऊन. अळिवाचे लाडू मी करून नेले, सुपारीपेक्षा जरा मोठे, एका घासात जातील असे. चाळीस लाडू वळताना हात दुखले तेव्हा कळलं, आपल्या बायका लाडू मोठे का वळतात ते.

आईचं काम वेगळं चाललं होतं. तिने कपाटातून आपली तीन जुनी सुती पातळं काढली, दहा-बारा वर्षं धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. त्यांतून चार दुहेरी दुपटी आणि अठरा लंगोट शिवले, हाताने. मी म्हटलं, "अगं, लोक काय म्हणतील, आजीने जुनेर आणलं." तिचं म्हणणं, पहिले दिवस बाळाला जुनंच घालायचं असतं, नवं कापड टोचतं, खळ असते त्याला. रीत म्हणून ती सांगत होती आणि कारणही तिच्या ओठावरच होतं. अठरा कशाला, हे मात्र मला साताऱ्यात पोचल्यावर समजलं. आषाढातला पाऊस, चार दिवस ऊन नाही. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर लंगोट, आणि वाळलेला एकही नाही. डायपर होते, पण ते रात्रीपुरते, दिवसा अंग मोकळं राहावं असं भावजयीला वाटे. तिच्या आईने शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर लंगोट पसरले होते. त्यांना धुराचा वास येत होता, आणि तो वास मला माझ्या लहानपणच्या, भावाच्या बाळंतपणाच्या खोलीत घेऊन गेला. आईने अठरा लंगोटांची चळत पुढे ठेवली तेव्हा भावजयीच्या आईने ती अक्षरशः छातीशी धरली. इतका खुललेला चेहरा मी सोन्याच्या आहेरालाही पाहिलेला नाही.

बारसं ठरल्याप्रमाणे बाराव्या दिवशी झालं. वरवंट्याला टोपडं घालून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, मी कानात नाव सांगितलं, कुर्र केलं, पाठीवर यथेच्छ धपाटे खाल्ले. आईने वाळे आणले होते चांदीचे, तेही नवे नाहीत, भावाचेच, सोनाराकडून उजळून घेतलेले. त्यांना घुंगरं होती. सोनाराने आपणहून सांगितलं म्हणे, "आजी, ही काढून टाकू. निखळलं एखादं तर पोर तोंडात घालेल." आई दोन दिवस रुसली होती, वाळे वाजले नाहीत तर वाळे कसले? पण काढली. भावजयीच्या मावशीने बाळगुटीचा डबा आणला होता, सहाणेसकट. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, हिरडा, सुंठ, खारीक, बदाम, सगळं निवडून, पुसून, कापडात बांधलेलं. त्यांनी त्यासाठी आठवडाभर खपून सामान गोळा केलं होतं. आणि बाळाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षभर नाही. भावजयीने काय केलं? डबा पाळण्याजवळ ठेवला, हळदकुंकू लावलं, मावशीसोबत फोटो काढला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. त्यातले बदाम आणि खारका पुढे तिच्याच लाडवांत गेल्या. मावशी खूश, डॉक्टर खूश. एवढा मुत्सद्दीपणा माझ्या अंगात असता तर पुढची चूक माझ्या हातून झाली नसती.

आपल्याकडे 'बाळंतविडा' हा फार नेमका शब्द आहे. त्यात बाळाचं अंगडं-टोपडं, कुंची, दुपटं असतं तसं बाळंतिणीचं लुगडं, खण आणि खाणंही असतं. पण तो दिला जातो बारशाच्या सुमारास, जेव्हा बाळंतिणीभोवती आई, मावशी, काकू, शेजारी अशी फौज उभी असते. आहेराचा डोंगर त्याच दिवशी लागतो. तिसऱ्या महिन्यात ती नवऱ्याच्या घरी परतते तेव्हा फौज मागे राहिलेली असते आणि आहेर देऊन मोकळे झालेले आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलेले असतो. भावाला बाळंतपणात पाचच दिवस घरी राहता आलं होतं, तेही साठवलेली रजा खर्चून. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवस मिळतात, खासगी कंपनीत कायद्याने काही नाही. भावजयीला मात्र २०१७ सालच्या कायद्यातल्या बदलामुळे सव्वीस आठवडे होते.

आश्विनात ती दोघं बाळाला घेऊन पुण्यात आली. मी ठरवलं, माझा खरा आहेर आत्ता. ओळखीतून मालिश करणाऱ्या, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी शोधल्या, महिन्याचे पैसे आधीच देऊन टाकले आणि एका सकाळी त्यांना थेट दारात उभं केलं. मला वाटलं, भावजय गळ्यातच पडेल. आठवडा गेला, फोन नाही. मग भावाचा आला, चाचरत. "ताई, रागावू नकोस, पण त्या मावशींना नको म्हणू का?"

मावशींचं काही चुकलं नव्हतं. झालं होतं असं की सबंध दिवसात भावजयीला आवडणारी एकच गोष्ट होती, बाळाची अंघोळ. पाजणं थकवणारं, झोपवणं रडवणारं, पण टबात ती मुलगी हसायची, पाय आपटायची, आणि सकाळची ती वीस मिनिटं दोघींची असायची. ते मी पैसे मोजून काढून घेतलं होतं. साताऱ्याच्या वेळी विचारण्याची अक्कल होती. मग आपण आता शहाणे झालो या भ्रमात मी पुण्याला विचारलंच नाही. मला वाईट वाटलं, जरा अपमानही वाटला, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी मी फोन करून विचारलं, "नको असलेलं काम कोणतं?" एक क्षणही न थांबता ती म्हणाली, "पोळ्या."

मावशींनी उरलेले पैसे परत केले, फार भली बाई. त्यात माझी थोडी भर घालून पोळ्यांच्या बाईंचे तीन महिन्यांचे पैसे दिले. संध्याकाळी पाच वाजता बारा पोळ्या आणि एक भाजी. या आहेराला खोकं नव्हतं, फोटो नव्हता. दिवाळीनंतर मी चार दिवस राहायला गेले. पहिल्या दुपारी मुलीला घेऊन गच्चीवर बसले आणि ती दोघं दोन ते सात झोपली. साताला भाऊ घाबरून वर धावत आला, "रडली नाही का ही?" रडली होती दोनदा. त्याला सांगितलं नाही.

कपड्यांचं एवढंच सांगते. आषाढातलं मूल पौषात सहा महिन्यांचं होतं, म्हणून मी स्वेटर नऊ महिन्यांच्या मापाचा विणला होता. थंडीत तो बरोबर बसला. आलेल्या फ्रॉकांपैकी बहुतेक तोवर आखूड झाले होते.

मे महिन्यात आम्ही सावंतवाडीला गेलो. चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत, लाल-पिवळी फळं, भातुकली, पाळण्यावर टांगायची चिमणाळी. तिथे पांगुळगाडा दिसला. तीन चाकं आणि धरायला आडवी दांडी. मूल त्यात बसत नाही, आपल्या पायांवर उभं राहून त्याला ढकलतं, आणि थकलं की खाली बसतं. मुलगी दहा महिन्यांची होती, धरून उभी राहू लागलेली. विकत घेण्याआधी मी दुकानातूनच फोन लावला. भावजय म्हणाली, "आणा, पण चाकं जरा घट्ट बघा, आमची फरशी गुळगुळीत आहे." दुकानदाराने माझ्यासमोर चाकं आवळून दिली.

पुण्याला नेईपर्यंत तो गाडा ठेवायला जागा करताना आमच्या माळ्यावरचा वॉकर खाली आला. शेजारणीने लगेच विचारलं, "माझ्या नातवाला नेऊ का? चांगला आहे की अजून." बदकाचं एक गाणं खरंच अजून वाजत होतं. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. मुलानेही पुढे होऊन भुवई दाखवली. रविवारी भंगारवाला आला, त्याला तो देऊन टाकला. साठ रुपये आले. पण तो पुढे कुणा पोराच्या नशिबी जाऊ नये म्हणून त्याची सहाही चाकं मी आदल्या रात्री काढून घेतली होती.