माळवदाच्या मुलखात

दुपारचे दोन, डोक्यावर सप्टेंबरचं ऊन, समोर नजर पोचेल तिथवर वाळू, आणि भाचा म्हणतो, "मावशी, चपला काढ." माझा जन्म सोलापूरकडचा. भर दुपारी अनवाणी चालणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. तरी त्याच्या हट्टापायी काढल्या, पाऊल टेकवलं आणि ओरडलेच. गार! चांगली गार वाळू! आणि पांढरी तरी किती, मीठच पसरलंय म्हणा ना. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पांढरंच दिसत होतं.

या जागेचं नाव व्हाइट सँड्स. हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात. तिकडे निघाले तेव्हा निम्म्या नातेवाइकांनी "मेक्सिकोचा व्हिसा काढलास का?" विचारलं होतं आणि उरलेल्यांनी "नायगरा सोडून तिकडे काय आहे?" नायगरा आता राहू दे बापडा.

पुण्यात तीस वर्षं भूगोल शिकवला, पण जिप्समचं वाळवंट असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. गणपतीच्या मूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस ज्याच्यापासून होतं, तेच हे जिप्सम. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे एरवी नदीबरोबर वाहून जातं. इथल्या खोऱ्यातून मात्र पाण्याला बाहेर वाटच नाही. डोंगरातून विरघळून आलेलं जिप्सम तळ्यात साचतं, पाणी उन्हाने उडून जातं, मागे राहिलेले स्फटिक फुटतात आणि वारा त्यांची वाळू करतो. अशा टेकड्या सुमारे 700 चौरस किलोमीटर पसरल्यात. जिप्समचा एवढा पसारा जगात दुसरीकडे नाही. इथे जुन्या तळ्याकाठी माणसांच्या पावलांचे ठसेही सापडलेत, 21 ते 23 हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्यांत लहान मुलांची पावलं पुष्कळ! ती पोरंही या उतारांवरून घसरत असतील का? मी घसरले. प्लास्टिकची मोठी ताटली मिळते, तिला खालून मेण फासायचं आणि द्यायचं सोडून. चार वेळा घसरले. पाचव्यांदा भाच्याने हात धरून गाडीत बसवलं.

इथून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, 16 जुलै 1945 च्या पहाटे, जगातल्या पहिल्या अणुबॉम्बचा स्फोट झाला. त्या वेळी गीतेचा अकरावा अध्याय आठवला, असं तो बॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचे प्रमुख ओपेनहायमर यांनीच पुढे सांगितलं. ती जागा वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशीच लोकांना उघडी असते. आम्ही नुसते त्या बाजूने गेलो. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग उत्तरेकडे, सांता फे. राज्याची ही राजधानी 2,100 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही चांगली वर. दोन गल्ल्या चालले नाही तोच धाप लागली. पण धाप विसरायला लावणारी गोष्ट पुढे, ताओस पुएब्लो या मूळ अमेरिकन लोकांच्या वस्तीत दिसली.

माळवद! अहो, खरोखरीचं माळवद! माती आणि गवताच्या विटांच्या, मातीनेच लिंपलेल्या भिंती, वर लाकडाच्या गोल तुळया, त्यांची टोकं भिंतीबाहेर डोकावताहेत, तुळयांवर बारीक फाटे अंथरलेले आणि त्यावर मातीचं सपाट छप्पर. आजोळी तुळजापूरकडे आम्ही अशाच छपरावर झोपायचो आणि पावसाळा तोंडावर आला की आजोबा वर नवी माती टाकून घ्यायचे. इथेही पाऊस-बर्फाने भिंती झिजतात आणि लोक त्या पुन्हा पुन्हा लिंपतात. फरक एवढाच, की आमचं माळवद एकमजली आणि हे एकावर एक रचत पाच मजल्यांपर्यंत चढलेलं. पूर्वी खालच्या घरांना दारंच नव्हती. शिडीने छपरावर चढायचं, तिथल्या भोकातून आत उतरायचं आणि शत्रू आला तर शिडी वर ओढून घ्यायची.

ही वस्ती 1450 च्या आधीची आहे, आणि आजही तिथे लोक राहतात! जुन्या आवारात वीज नाही, नळ नाही, मधून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी. तो ओढा ज्या निळ्या तळ्यातून येतो ते यांचं पवित्र स्थान. सरकारने ते 1906 मध्ये जंगलखात्यात घातलं आणि या लोकांनी चिकाटीने भांडून 1970 मध्ये परत मिळवलं. अंगणात वारुळासारख्या घुमटाच्या मातीच्या भट्ट्या. एकीतून एक आजी लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पाव काढत होत्या. मी भिंतीला हात लावून उभी होते. त्यांनी विचारलं, "आवडली भिंत?" मी म्हटलं, "आमच्याकडे अशीच होती." त्यांनी एक गरम पाव माझ्या हातात ठेवला. दुसऱ्याचे पैसे मात्र घेतले!

आता मिरची. सप्टेंबरात या राज्याला मिरचीचाच वास येतो. दुकानांबाहेर जाळीचं मोठं पिंप, खाली गॅसच्या ज्वाळा, पिंप गरागरा फिरतंय आणि आत हिरव्या लांब मिरच्या तडतडत काळ्या पडताहेत. मला तर ठेच्याच्या तव्यापाशी उभं असल्यासारखं वाटलं. हॉटेलात बसलं की पहिला प्रश्न, "लाल की हिरवी?" हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळाने ठरवलेला! दोन्ही हव्या असतील तर म्हणायचं, "ख्रिसमस." मी पाची दिवस ख्रिसमस केला. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली ती या अमेरिका खंडातूनच, म्हणजे माहेरी जाऊन खाल्ली म्हणायची. तिखट? आमच्या घरी चालेल इतपत.

सोकोरो गावाच्या पश्चिमेला माळावर रेडिओ दुर्बिणीच्या 27 पांढऱ्या तबकड्या दिसल्या तेव्हा मात्र मी "खोडद!" म्हणून किंचाळले. नारायणगावजवळच्या दुर्बिणीला विज्ञानदिनी मी मुलांना घेऊन जायचे. तिथे 30 तबकड्या, 45 मीटर व्यासाच्या, पण जाळीच्या. इथल्या 25 मीटरच्या, भरीव पत्र्याच्या आणि दोनशे टनांहून जड. मांडणी दोन्हीकडे तीच, तीन फाट्यांची. पण इथल्या रुळांवरून सरकतात! कधी किलोमीटरभरात गोळा होतात, कधी 36 किलोमीटरवर पांगतात.

शेवटची संध्याकाळ कार्ल्सबॅडच्या गुहेची. दुपारी वळणावळणाने 230 मीटर खाली उतरलो, दगडी झुंबरं पाहिली, लिफ्टने वर आलो. सूर्य कलल्यावर गुहेच्या तोंडाशी दगडी पायऱ्यांवर बसलो. फोन बंद, कॅमेरा बंद, बोलणं बंद, असा तिथला नियमच. आधी एकच वटवाघूळ आलं. मग दहा. मग गुहेतून धूर निघावा तसं काहीतरी गोल फिरत वर उठलं, थेट आमच्या डोक्यांवरून. लाखो पंखांचा आवाज पावसाच्या सरीसारखा येत होता आणि गुहेतला ओला, उग्र वास तोंडावर आदळत होता. मागच्या पायरीवरचं एक पोर आईच्या कुशीत शिरून हसत होतं. अंधार दाटला तरी आतली वटवाघळं अजून संपली नव्हती.

पुण्यात आल्यावर बहीण म्हणाली, "वटवाघळांचे फोटो दाखव." फोटो नाहीत. ओट्यावर मिरच्या भाजल्यात, त्याच खा.